साधन क्रमांक चार

आई तुळजाभवानीची शपथ, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, आत्ता हातात आहे त्या चहाची शपथ! यातला शब्द न् शब्द खरा आहे. घरात मला फेकाडी म्हातारी म्हणतात. म्हणू देत. विहिरीतल्या मगरीची गोष्ट वेगळी, ती मी नातवंडांना जेवू घालायला रचली होती. ही रचलेली नाही. ही घडली, बार्शीला, एकोणीसशे सहासष्ट सालच्या मार्चमध्ये, आणि अजून आठवली की माझी कानशिलं तापतात. डॉक्टर म्हणतो बीपी आहे. बीपी नाही, हिंगमिरेसाहेब आहे.

"हे काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

हिंगमिरेसाहेब म्हणजे शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर, आमच्या अंतिम पाठाचे परीक्षक. मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक चिमणी सुखानं बसली असती. त्यांचं बोट माझ्या टाचणवहीवर टेकलेलं. समोर सातवी 'ब'च्या चाळीस मुली.

"साधनं आहेत साहेब. शैक्षणिक साधनं."

"ते मला वाचता येतं. एक, फळा-खडू-फडकं. दोन, शब्दांच्या पट्ट्या. तीन, संबळ." साहेबांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला, परत चढवला. "चार, वडील?"

"हो साहेब."

"कुणाचे वडील?"

"माझेच. बाहेर व्हरांड्यात उभे आहेत. बोलावू?"

मागच्या बाकावर आमच्या सरनाईकबाई बसल्या होत्या, अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या. त्यांच्या हातातला पंखा जागच्या जागी थांबला. टाचणावर त्यांचीच सही होती. न वाचता ठोकलेली.

आता तुम्ही म्हणाल, बापाचं नाव साधनांच्या यादीत कुठली मुलगी लिहिते? मी लिहिलं. दुसरं काय करणार होते? विद्यालयाचा नियमच तसा होता. पाठाला जे जे लागतं ते ते आधी टाचणात लिहायचं. लिहिलं नाही तर वर्गात आणायचं नाही. फळा पुसायचं फडकं लिहायला विसरली म्हणून आमच्यातल्या एकीचे मार्क कापले होते. मग मला बाप लागत होता, तर बाप नको लिहायला?

दुसरा नियम असा की पाठ झाला की आणलेली साधनं कपाटात जमा करायची. ती मग विद्यालयाची. प्राचार्यांच्या खोलीबाहेर ते थोरलं लाकडी कपाट होतं. आत पेंढा भरलेलं मुंगूस, शाडूची गाय, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आणि कुणाच्या तरी आजीचं जातं. आधीच्या मुलींनी आणलेलं सगळं आत गेलं ते गेलंच. हा नियम मलाही माहीत होता. पण फळा कुणी जमा करत नाही, तसा बापही करत नाहीत, एवढाच विचार मी केला. संबळाचा विचारच केला नाही. एकोणीस वर्षांची होते, अक्कल तेवढीच.

मी वेणू भिवाजी पाचंगे. गोंधळ्याची पोर. लग्न झालं की घरोघर देवीचा गोंधळ घालतात ना, ते आम्ही. आमच्या अख्ख्या भावकीत सातवीच्या पुढं गेलेली मी पहिली. अंतिम पाठात पास झालं तर मास्तरणीचं सर्टिफिकेट. नापास झालं तर पुढल्या वर्षी परत पाठ द्यायचा. पण वसतिगृहात जागा एकदाच मिळायची, आणि गावोगाव फिरणाऱ्या आमच्या बिऱ्हाडातून बार्शीला रोज यायला मी काय पाखरू होते? म्हणजे मला पुढलं वर्ष नव्हतंच. जे काय व्हायचं ते त्या पस्तीस मिनिटांत.

पाठाचा विषय चिठ्ठीनं मिळायचा. माझ्या शेजारणीला आला 'गाईचे उपयोग'. मला आला 'इंग्रजी: लांब शब्दांचे वाचन'. शेजारीण हसून हसून खाटेवरून खाली पडली.

मी विद्यालयातली डिक्शनरी घेऊन वसतिगृहाच्या ओट्यावर बसले. रविवार होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावात एका लग्नाचा गोंधळ उरकून मला भेटायला आले. खांद्यावर संबळाचं गाठोडं. मी वाचत होते.

"का गं, कुनी गेलं का?" आप्पांनी विचारलं.

"नाही. का?"

"मग येका सुरात कशापायी रडतीयास? ए, लेक, ट्रि, सि, टी. मढ्यामागं चालल्यावानी."

"रडत नाही आप्पा, अभ्यास करतेय. इलेक्ट्रिसिटी. म्हणजे वीज."

"वीज? ही? हिच्यात कुटं चमाकली ती?"

मला रागच आला. म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. शेजारी टेकले आणि डिक्शनरीत डोकावले. आप्पांना अक्षर येत नव्हतं. मराठी नाही, इंग्रजी तर नाहीच. पण एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं.

"ही बारकी उबी रेघ कसली?"

"त्या तुकड्यावर जोर द्यायचा. लांब शब्दाचे असे तुकडे पाडतात. ए, लेक्, ट्रि, सि, टी. पाच तुकडे. त्यातल्या एकावर जोर, बाकीचे हलके म्हणायचे. ज्याच्यावर जोर त्याच्या आधी ती रेघ."

परमुलखात भाऊबंद भेटावा तसे आप्पा त्या रेघेकडं बघत राहिले.

"आगं, थापंची खूण हाय की ही!"

आणि त्यांनी माझी पत्र्याची ट्रंक पुढ्यात ओढली. दोन बोटं हलकी, मग पंजा, मग परत दोन बोटं. टक टक धुम् टक टक. "आता ह्येच्यावर म्हन."

मी म्हटलं. ए-लेक्-ट्रि-सि-टी. पंजा बरोबर 'ट्रि'वर पडला आणि खरंच सांगते, ओट्यावरचा दिवा लागला! बरं, दिवा नव्हता ओट्यावर. पण असता तर लागला असता.

"दुसरा दे."

"पॉप्युलेशन. पॉ-प्यु-ले-शन. रेघ 'ले'च्या आधी आहे."

"आनिक."

"एक्झामिनेशन. रेघ 'ने'च्या आधी."

"थांब." आप्पांनी डोळे मिटले. "दोन्हीच्या शेपटाला काय म्हनलीस?"

"शन."

"मंग सोपं हाय की. शन आलं की त्येच्या आदल्यावर थाप. आन् ती टी?"

"इलेक्ट्रिसिटी, म्युनिसिपॅलिटी..."

"टी आली की मदी येक घर सोडायचं, आन् त्येच्या अलीकडं थाप. बग बरं तुज्या पोथीत."

मी बघितलं. शन-वाले वीस शब्द, टी-वाले वीस शब्द. डिक्शनरी जाडजूड, घाम निघाला माझा. एकही शब्द आप्पांच्या बाहेर गेला नाही. हे आम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बाई सांगायच्या, कान देऊन ऐका. कुणाचं ऐका? बार्शीत इंग्रज होता कुठं?

"पण आप्पा, हे बघा ना. 'एज्युकेट'मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर आहे, आणि 'एज्युकेशन' केलं की तिसऱ्यावर गेला. शब्द एकच."

"मग? शेपटाकडनं पाव्हना आला तर घरातल्यानं सरकून बसाया नगो?"

हे मी पुढं तेहतीस वर्षं शाळेत असंच शिकवलं. एकाही पोरीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"पर हे येवढाले शब्द ह्यांच्या घरातले न्हाईत," आप्पा ट्रंकेवर बोटं फिरवत म्हणाले.

"लॅटिनमधून आलेत. सरनाईकबाई म्हणतात, लॅटिन म्हणजे इंग्रजांची संस्कृत."

"तरीच. आन् चुलीम्होरचे कसे असत्यात त्यांचे?"

"मदर. ब्रेड. हॅण्ड. वॉटर."

"हां. येक ठोका, लई तर दोन. चुलीम्होर कुनाला येळ हाय? पोथीतल्या शब्दाला चाल असती, बाई. चालीबिगर म्हनलं की त्ये मढंच."

त्याच ओट्यावर माझं ठरलं. पाठात संबळ वाजणार. आणि संबळ वाजवायचा तर आप्पाच पाहिजेत, कारण आमच्यात बाईमाणसानं संबळाला काठी लावायची नाही. देवीचं वाद्य. रोज हळदकुंकू वाहायचं, भुईवर नुसतं ठेवायचं नाही, खाली काहीतरी अंथरायचं. आप्पांचा तो संबळ त्यांच्या आजोबांचा होता.

"तुम्ही याल का वर्गात?"

"म्या? साळंत?" आप्पा घाबरले. गावच्या पाटलापुढं न घाबरणारा माणूस! "चपला कुटं काडायच्या आस्त्यात?"

म्हणून मी लिहिलं, साधन क्रमांक चार, वडील.

"साधन आत घ्या," हिंगमिरेसाहेब म्हणाले.

साधन! माझ्या बापाला! पण आधी मीच लिहून बसले होते, बोलू काय?

आप्पा आत आले. धुतलेला फेटा, गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ बांधलेला. चपला व्हरांड्यात. त्यांनी साहेबांना नमस्कार केला. साहेबांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

"एक लक्षात ठेवा," साहेब मला म्हणाले, आप्पांना नव्हे. "साधन बोलत नसतं. पाठ संपून माझी सही होईस्तोवर यानं एक शब्द जरी काढला, तर पाठ बाद. बाहेरच्या माणसाची मदत घेतली असं मी लिहीन."

"नाही बोलणार साहेब."

आप्पांनी मान डोलावली. तीसुद्धा हळूच, मान डोलावणं बोलण्यात धरतात की काय असं वाटून.

पाठ सुरू झाला. मी 'पॉप्युलेशन'ची पट्टी लावली. मुलींना सांगितलं, तुकडे करा, आणि संबळाची मोठी थाप पडेल तिथं टाळी द्या. पॉ-प्यु-ले-शन. आप्पांनी दोन हलक्या काठ्या मारल्या आणि तिसरी अशी घुमवली की छपरातली दोन कौलं सरकली. चाळीस मुली टाळी विसरल्या आणि एका आवाजात ओरडल्या, "उदो!"

त्यांचा काय दोष? बार्शीतल्या पोरी, पाळण्यात असल्यापासून गोंधळ ऐकलेल्या. संबळाची थाप पडली की तोंडातून उदो निघणारच.

"हा इंग्रजीचा तास आहे की देवीचा गोंधळ?" साहेब कडाडले.

"टाळीच्या जागी आहे साहेब. जोर कुठं द्यायचा ते कळलं त्यांना."

"टाळीच द्या."

पुढच्या शब्दाला मुलींनी टाळी दिली. पण ओठ हलत होते, उदो आतल्या आत चाललाच होता. एक्झामिनेशन झालं, एज्युकेशन झालं. मग मी शेवंताला उभं केलं. शेवंता म्हणजे त्या वर्गातली सगळ्यात मागं पडलेली मुलगी. इंग्रजीच्या तासाला तिला कुणी उठवायचंच नाही, 'कॅट'च्या पुढं तिची गाडी गेली नव्हती. मी मुद्दाम उठवली. म्युनिसिपॅलिटीची पट्टी लावली. सहा तुकडे.

शेवंता पट्टीकडं बघेना. आप्पांच्या हातांकडं बघायला लागली. काठी हलली, तसा तिचा ओठ हलला. म्यु. नि. सि. पॅ! लि. टी.

"परत म्हण," मी म्हटलं. "आता संबळाशिवाय."

"म्युनिसिपॅलिटी," शेवंता म्हणाली. स्वच्छ. मग तिला स्वतःलाच हसू आलं. "बाई, ही ती आपली नळाची म्युन्शिपाल्टी व्हय?"

अख्खा वर्ग हसला. सरनाईकबाईसुद्धा. हवं तर शेवंताला विचारा. आता ती नाही, पण असती तर सांगितलं असतं.

हसले नाहीत ते फक्त साहेब. ते उठून फळ्यापाशी आले.

"हे सगळं घोकून आणलंय," ते म्हणाले. "चार शब्द पाठ केले की झालं. मी शब्द देतो." त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि फळाभर एक शब्द लिहिला. "रेस्पॉन्सिबिलिटी. वाचून दाखवा. तुमच्या त्या साधनासकट."

हा शब्द मी डिक्शनरीत बघितला नव्हता. देवाशपथ नव्हता बघितला. मी मुलींकडून तुकडे करून घेतले. रे, स्पॉन्, सि, बि, लि, टी. मग आप्पांकडं बघितलं. त्यांना शब्द दिसत होता पण वाचता येत नव्हता. त्यांनी फक्त शेपूट ऐकलं. टी. मध्ये एक घर सोडलं. तीन हलक्या, चौथी घुमली. बि!

"रे-स्पॉन्-सि-बि-लि-टी," मुली म्हणाल्या. बि-वर चाळीस टाळ्या.

"चूक," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "जोर 'स्पॉन्'वर आहे. रे-स्पॉन्-सिबिलिटी. मी पुण्याला शिकलोय."

संबळ परत वाजला. बि.

"स्पॉन्!" साहेब.

बि, संबळ म्हणाला.

"त्याला थांबायला सांगा!"

"साधन आहे साहेब," मी म्हटलं. "त्याला कुठलं ऐकू येतंय?"

हो, म्हटलं मी असं! आज म्हणायची वेळ आली तर जीभ चाचरेल, पण त्या दिवशी म्हटलं. सरनाईकबाईंनी पंख्याआड तोंड लपवलं. मग त्या उठल्या, टेबलावरची डिक्शनरी उघडली, पानं उलटली. बाईंनी डोळे बारीक केले, पान खिडकीच्या उजेडात धरलं.

"साहेब," बाई अगदी हळू म्हणाल्या, "रेघ 'बि'च्या आधी आहे."

साहेबांनी डिक्शनरी हातात घेतली नाही. रुमाल काढून हातांवरचा खडू पुसला, एकेक बोट. चाळीस मुली त्यांच्याकडं बघत होत्या आणि ते बोटं पुसत होते. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. हरलेला माणूस चिडून ओरडला तर बरा. बोटं पुसायला लागला की समजावं, आता नियम काढणार.

"पाठ चांगला झाला," साहेब म्हणाले. "पास करायला माझी हरकत नाही." पेन काढलं, टोपण उघडलं, टाचणवही समोर घेतली. माझा जीव भांड्यात पडला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं मला तिथून दिसलं.

"साधनं जमा केली?"

"अं?"

"साधनं. नियम तुम्हाला माहीत असेल. जमा झाल्याशिवाय सही नाही. पट्ट्या द्या. आणि तो संबळ सोडा कमरेचा. बाई, कपाट उघडायला सांगा."

"साहेब, संबळ देवीचा आहे," मी म्हटलं. "आमच्या पणजोबांचा. त्याच्यावर आमचं घर—"

"यादी कुणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या."

"मग? मुंगूसवालीनं मुंगूस दिलं, गायवालीनं गाय दिली. तुम्हाला वेगळा कायदा का म्हणून? गोंधळ्याचं म्हणून?"

"साहेब, एवढ्या वेळी अपवाद केला तर..." सरनाईकबाई म्हणाल्या.

"टाचणावर सही तुमची आहे बाई. तिचंही विचारू का मी?"

बाई खाली बसल्या.

शिपायानं कपाट उघडलं. वर्गातून समोरच दिसायचं. मुंगूस दात विचकून बसलेलं. आणि आप्पा गप्प. गप्प म्हणजे त्यांना बोलायचीच बंदी. सही व्हायची होती, म्हणजे पाठ अजून चालूच होता. एक शब्द बोलले असते तर पाठ बाद. सगळ्या गावाच्या वतीनं देवीशी भांडणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या संबळासाठी 'नको' म्हणता येईना!

मग माझ्या अंगात जे आलं ते देवीनंच पाठवलं असेल. मी पदर खोचला. टाचणवही साहेबांच्या हातून ओढून घेतली.

"नियम म्हणजे नियम साहेब," मी म्हटलं. "यादीत चार साधनं आहेत. तीन नंबरचं जमा करायचं तर चार नंबरचंही करा. आप्पा, चला, बसा कपाटात. त्या मुंगसाला जरा सरकवा. आणि साहेब, पावती द्या. लिहा, 'वडील, नग एक, चालू स्थितीत मिळाले.' दोन वेळचं जेवण विद्यालयानं घालायचं. सकाळी चहा लागतो, तंबाखू लागते. आणि फळा कुठाय? एक नंबरचा? तोही उपटा भिंतीतून!"

मुली बाकांवर चढल्या. शेवंता ओरडली, "उदो!" आणि चाळीसच्या चाळीस जणी उदो उदो करत सुटल्या. साहेबांच्या मिशांची टोकं खाली लोंबली. त्यांनी न बोलता वही घेतली, सही केली, वर 'पास' लिहिलं आणि टांग्यात बसून जे गेले ते कुर्डुवाडी येईस्तोवर मागं वळून बघितलं नाही. आणि आम्ही बापलेक भर दुपारी बार्शीच्या बाजारातून निघालो, आप्पा पुढं संबळ वाजवत, मी मागं टाचणवही डोक्यावर धरून, आणि दोन्ही बाजूंचे दुकानदार उभे राहून हात जोडत होते.

आहे की नाही?

बरं.

शपथ जरा मोठी घेतली मघाशी. डोळ्यांची घ्यायला नको होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे पुढल्या महिन्यात.

टाचण, संबळ, उदो, शेवंता, डिक्शनरीतली रेघ, सगळं खरं. 'साधनाला कुठलं ऐकू येतंय' हेही मी म्हटलं होतं. खोटं एवढंच की पदर खोचल्यापासून पुढचं मी बोलले नाही. तो पदर मी घरी गेल्यावर खोचला. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पहिल्यांदा बोलले ते सगळं, आणि मग दरवर्षी थोडं थोडं वाढवत गेले. टांगा गेल्याच साली घातला.

घडलं ते असं. शिपाई कपाटाचं दार धरून उभा होता. आप्पांनी कमरेची गाठ सोडली. फेटा उतरवला, त्याची घडी केली, कपाटाच्या फळीवर मुंगसाशेजारी अंथरली आणि त्यावर संबळ ठेवला. काठ्या त्याच्यावर आडव्या ठेवल्या. हात जोडले. मग उघड्या डोक्यानं वळून माझ्याकडं बघत उभे राहिले. बोलता येत नव्हतं म्हणून नुसतेच बघत.

"मग काय?" साहेबांनी पेन वहीवर टेकवलं. "जमा धरू ना?"

त्या खोलीत त्या वेळी बोलायची परवानगी एकट्या मला होती. मी "हो साहेब" म्हटलं.